समजलं नाही, पुन्हा सांगा

मंचेरियल,
दि. १८ ऑगस्ट २०२४

ती. आशाआत्यास,
मैत्रीचा सविनय जयभीम. वि. वि.

मी इथे मजेत आहे, तुम्हीही सगळे बरे असाल. हातात फोन असताना ही पत्र काऊन लिहून राह्यली, असं तू म्हणशील. अगं, फोनवर बोलायचं तर इकडे खोलीतल्या पोरी कान टवकारून बसतात आणि तिकडे आई स्पीकर लावून अख्ख्या गल्लीला ऐकवते. मग मी 'बरं आहे' म्हणते आणि ठेवून देते. शाळेत तू आमच्याकडून पत्रलेखन घोटून घेतलंस, आता भोग त्याची फळं.

आमचं वर्कशॉप स्टेशनच्या पलीकडे आहे. खाणीतल्या पंपांच्या, शेतातल्या बोअरच्या, राइस मिलच्या, जळालेल्या सगळ्या मोटरी इथे येतात. आतली जळकी वायर उपसायची, नवी कॉइल भरायची, वार्निश लावून भट्टीत सुकवायची. आयटीआयमध्ये सगळ्या वर्गाने मिळून एकच मोटर उघडली होती, इथे मोटरींचा नुसता ढीग. शिकाऊ म्हणून आम्ही जे लागलोत त्यात मुलगी मी एकटीच. फोरमन पोचय्या नावाचे आहेत, मोठ्या मिशांचे. मला 'बिड्डा' म्हणतात, म्हणजे लेकरू.

एक गंमत सांगू का? आयटीआयला सर हिंदीतून समजवायचे. इथे सगळं तेलुगूत, आणि तेही भरभर. आपल्या सीमेवरच्या मराठी शाळेत तेलुगूचा तास होता, पण त्यात राजाराणीच्या गोष्टी. वाइंडिंग नि स्टार्टर त्यात कुठून येणार? म्हणून मी कशालाही 'सरे सार' म्हणते, म्हणजे ठीक आहे सर. मग शेजारचा पोरगा काय करतो ते बघायचं आणि तेच करायचं. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आईला सांग, मी पोटभर जेवते. बाबांना जयभीम. तुझा जीव माझ्यावर आहे तसाच असू दे.

तुझी,
मैत्री


मु. खडकी, मंडल बेला,
दि. ३० ऑगस्ट २०२४

चि. मैत्रीस,
आशाआत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र आलं. मी ते शाळेतच उघडलं आणि मधल्या सुट्टीत बाकीच्या बाईंनाही वाचून दाखवलं. 'राजाराणीच्या गोष्टी' वाचून तेलुगूच्या मॅडम माझ्याकडे अशा बघायला लागल्या की विचारू नकोस. शुद्धलेखन मात्र चांगलं राखलंस. मास्तरणीची भाची शोभतेस.

दादा-वहिनी बरे आहेत. दादा जिनिंगवर जायच्या आधी रोज विचारून जातो की मैत्रीचं काही आलं का. वहिनी विचारत नाहीत, पण पोस्टमन दिसला की दारात येऊन उभ्या राहतात.

तुझ्या 'सरे'ची काळजी करू नकोस. मी नोकरीला लागले तेव्हा मंडलाच्या तेलुगू बैठकीत मीही अशीच मान हलवत बसायचे. हळूहळू कानाला सवय होते. 'हो' म्हणत राहा, बाकीचं आपोआप येईल.

आणखी एक. मारोतीभाऊंची साक्षी दहावी होऊन घरी बसली आहे. मारोतीभाऊ परवा पारावर म्हणाले की मॅडम, तुमची मैत्री काय करते ते पाहतो, मग आमच्या पोरीचं बोलू. आपल्या गावातून अशा कामाला बाहेर पडलेली तू पहिली मुलगी, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तुझ्याकडे आहे. मला तर चालताना उगीचच मान ताठ होते.

पत्र लिहीत जा. माझी माया तुझ्या पाठीशी आहे, ती तूही विसरू नकोस.

तुझी,
आशाआत्या


मंचेरियल,
दि. २२ सप्टेंबर २०२४

ती. आशाआत्यास,
मैत्रीचा जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला. लिहायला बसायची आणि पुन्हा ठेवून द्यायची, असं चाललं होतं. हे पत्र बाकीच्या बाईंना वाचून दाखवू नकोस.

'सरे' म्हणायचं आता मला ओझं झालं आहे. पहिल्याच दिवशी समजत नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. आता कोणत्या तोंडाने म्हणू? ते विचारतील की इतके दिवस काय करत होतीस. परवा एक पोरगा मला मुद्दाम काहीतरी बोलला. मी सवयीने 'सरे' म्हणाले आणि सगळे हसत सुटले. तो काय बोलला ते मला अजूनही माहीत नाही. पोचय्या त्यांच्यावर ओरडले. काय ओरडले तेही कळलं नाही, नुसता आवाज कळला. त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

बायांसाठी वेगळं बाथरूम नाही, मालकाच्या घरी जावं लागतं. दिवसभर पाणी कमी पिते. हे आईला सांगू नकोस.

आत्या, रागावू नको. मला दसऱ्याला घरी यायचं आहे आणि मग परत जायचं नाही. आदिलाबादला एखाद्या दुकानात काम बघीन. खरं सांगू? इलेक्ट्रिशियन व्हायचं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. तू म्हणालीस आणि मी हो म्हणाले. बहुतेक तुलाही मी 'सरे'च म्हणाले होते.

उत्तर लवकर दे. रागावलीस तरी चालेल, पण दे.

तुझी,
मैत्री


मु. खडकी,
दि. २९ सप्टेंबर २०२४

चि. मैत्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. रागावले नाही. नव्या ठिकाणी असं होतंच गं. पहिले काही महिने सगळ्यांचेच असे जातात.

पण तू आत्ता परत यायचं म्हणतेस त्याचा जरा विचार कर. मारोतीभाऊ काल घरी आले होते. साक्षीसाठी पाहुणे बघून राह्यलो म्हणाले. मी त्यांना थांबवून धरलं आहे. मैत्री दिवाळीपर्यंत टिकली तर साक्षीलाही पुढे शिकायला पाठवा, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. आता तू परत आलीस तर एकटी येत नाहीस, तिचाही रस्ता बंद करून येतेस. तिच्या मागे अजून लहान मुली आहेत, त्यांचाही.

म्हणून म्हणते, दिवाळीपर्यंत काढ. दसऱ्यालाही नको येऊस, आलीस की पाय निघणार नाही. रडू आलं तर रड बाई, पण तिथेच रड. नंतर तुझं तुलाच हसू येईल.

बाथरूमचं मी मालकांशी फोनवर बोलेन.

तुझ्यावर भरवसा आहे, तो मोडू देऊ नकोस.

तुझी,
आशाआत्या


मंचेरियल,
दि. ९ ऑक्टोबर २०२४

सौ. आशाबाईस,
रेणुकाचा जयभीम.

तुमचे फोन येऊन राह्यले ते दिसते. मी उचलत नाही. तोंडानं बोलली तर जास्त बोलीन, म्हणून लिहून यांच्या हातानं पाठवून राह्यली.

मैत्रीला वर्कशॉपात करंट लागला, हे तुमाले कळलंच असन. उजव्या हाताची बोटं भाजली. मागं फेकल्या गेली, तर लोखंडी टेबलावर मनगट आपटून हाड मोडलं. जीवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी दवाखान्यातच आहे.

पोरगी घरी येतो म्हणत होती आणि आत्या नको म्हणाली, असं तिनं सांगितलं. तुमच्यावर ठपका ठेवून नाही सांगितलं. तिला वाटते चूक तिचीच आहे. मला म्हणते, आत्याला सांगू नको, तिला वाईट वाटीन.

आशाबाई, तुमी गावच्या लेकरांचं भलं पाहता. पाहा. पण माझी पोरगी गावाला दाखवायचा नमुना नाही. ती रडून राह्यली होती, तं ते आमाले काऊन नाही सांगितलं? मी गेली असती, हात धरून आणली असती.

मी तुमचं वाईट चिंतत नाही. पण सध्या इकडं येऊ नका.

रेणुका


मु. खडकी,
दि. १६ ऑक्टोबर २०२४

चि. मैत्रीस,

जयभीम बाळा. उत्तर लिहायच्या फंदात पडू नकोस, हात जपून ठेव. हे पत्र मामाच्या पत्त्यावर पाठवते आहे. दवाखान्यातून तुला वहिनी तिकडे इचोड्याला नेणार आहेत, असं दादाने सांगितलं. गावात आणलं तर बघायला येणाऱ्यांची रांग लागेल, त्यापेक्षा तिथे बरं.

अपघाताचं कळलं त्या दिवशी मी पिशवी भरली आणि मंचेरियलच्या गाडीसाठी आदिलाबादच्या स्टँडवर येऊन बसले. दादाचा फोन आला, म्हणाला की रेणुका आत्ता तुला बघू शकणार नाही. समोरून गाडी गेली. मी परत फिरले. नंतर त्याने वहिनींचं पत्र आणून दिलं. त्यांनी लिहिलं त्यातला शब्दही मागे घ्यावा असा नाही.

तू परत येते म्हणालीस तेव्हा मी तुझं ऐकलं नाही. मी साक्षीचं ऐकत होते, मारोतीभाऊंचं ऐकत होते, उद्या गाव काय म्हणेल ते ऐकत होते. समजत नसलं तरी हो म्हण, हे तर मीच तुला लिहून दिलं. ते मला रोज वर्गात उभं राहिल्यावर आठवतं. मुलं 'हो मॅडम' म्हणतात आणि मी खडू खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून सांगते.

तू लिहिलं होतंस, त्याचंही उत्तर देते. इलेक्ट्रिशियन व्हायचं का, हे मी तुला विचारलंच नव्हतं. जागा होती, मुलींना घेत होते, मी तुझं नाव घातलं. बस.

आता तुला जे करायचं ते कर. दुकानात काम कर, शिक, नाही तर नुसती बरी हो. साक्षीचं काय व्हायचं ते माझं काम आहे, तुझं नाही. मारोतीभाऊ येऊन गेले. 'बघा मॅडम' एवढंच म्हणाले आणि गेले.

माझ्यावर पूर्वीसारखी माया करशील का, हे विचारायचं धाडस होत नाही. माझी तुझ्यावर आहे.

आशाआत्या


इचोडा,
दि. १२ नोव्हेंबर २०२४

ती. आशाआत्यास,
मैत्रीचा सविनय जयभीम. वि. वि.

अक्षर वाकडं आलं आहे, मार्क कापू नकोस. प्लास्टर निघालं, बोटांवरची नवी कातडी अजून ओढते. मामाच्या दुकानात बसून लिहिते आहे. समोर हायवेवर ट्रकांची रांग आहे आणि आई आत मामीशी भांडून भाकरी स्वतःच थापते आहे. माझ्यासाठी दुसऱ्या कुणाच्या हातची भाकरी तिला चालत नाही.

काय झालं ते तुला नीट कुणी सांगितलं नसेल. एक मोठं पॅनल दुरुस्तीला आलं होतं. चालवून पाहून झाल्यावर करंट बंद केलेला होता. पण त्यात वीज साठवणारे कॅपॅसिटर असतात, ते करंट बंद केल्यावरही काही वेळ भरलेले राहतात. हे मी पुस्तकात वाचलेलंही होतं. पलीकडे ग्राइंडर चालू होतं. पोचय्या लांबून मला ओरडून म्हणाले, 'मुट्टुकोकू'. म्हणजे हात लावू नको. मला शेवटचं अक्षर ऐकूच आलं नाही. 'मुट्टुको' म्हणजे हात लाव. मला वाटलं, तपास म्हणताहेत. मी 'सरे सार' म्हणाले आणि हात लावला.

आत्या, मी 'सरे' म्हणाले म्हणून ते निर्धास्त झाले गं. पाठ फिरवून दुसऱ्या कामाकडे वळले.

ते रोज दवाखान्यात यायचे. त्यांची बायको ज्वारीची भाकरी नि वरण पाठवायची. आई पहिल्यांदा त्यांच्याशी बोललीच नाही, डबा तसाच ठेवायची. एक दिवस ते माझ्याजवळ बसून बराच वेळ काहीतरी बोलले. डोळ्यांत पाणी होतं. ते थांबले आणि माझ्या तोंडात 'सरे' आलंच होतं. मी गिळलं. आणि म्हणाले, अर्थम् कालेदु, मळ्ळी चेप्पंडी. समजलं नाही, पुन्हा सांगा. खोलीतल्या पोरींकडून हे वाक्य मी केव्हाच शिकून ठेवलं होतं, फक्त म्हणायची हिंमत नव्हती.

 त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं आणि थोडं तेलुगू, थोडं हिंदी, थोडे हातवारे करून पुन्हा सांगितलं. खाणीत असताना त्यांचा एक सोबती असाच गेला होता, तेव्हापासून नव्या पोरांना विजेजवळ आणताना त्यांची छाती धडधडते. मग त्यांनी विचारलं की तुला केव्हापासून समजत नव्हतं. मी म्हणाले, पहिल्या दिवसापासून. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, बिड्डा, मी तरी कधी विचारलं?

आईने हे सगळं ऐकलं. त्या दिवशी तिने त्यांना चहा आणून दिला.

मालक मला ठेवायला तयार नव्हते. मराठी शाळेतली पोरं पुन्हा घ्यायचीच नाहीत, असंही म्हणाले. पोचय्यांनी त्यांना सांगितलं की सूचना मी दिली आणि ती कळली की नाही हे मी पाहिलं नाही, तर आधी मला काढा. मालकांनी बराच आरडाओरडा केला, पण पोचय्यांशिवाय त्यांचं वर्कशॉप एक दिवस चालत नाही. आता नियम झाला आहे. ज्याला काम सांगितलं त्याने ते आपल्या तोंडाने परत सांगायचं, कुठल्याही भाषेत, आणि मगच हात लावायचा. त्यात दोन तेलुगू पोरंही पकडली गेली म्हणे. त्यांनाही नीट कळत नव्हतं, तीही मान हलवत होती! बाथरूमचंही काम सुरू झालं आहे.

आत्या, मी परत जाते आहे. तुझ्यासाठी नाही आणि साक्षीसाठीही नाही. अपघाताच्या काही दिवस आधी मी एक बोअरची मोटर एकटीने भरली होती. चालू केली तेव्हा ती इतकी सरळ, एका सुरात फिरली की माझ्या अंगावर काटा आला. दवाखान्यात डोळे मिटले की ज्याची भीती वाटायची तो करंटचा आवाज वेगळा, आणि हा मोटरीचा वेगळा. मला दोन्ही ऐकू येत होते. आईला सांगितलं.  काल ती माझ्यासोबत द्यायचं लिंबाचं लोणचं बरणीत भरत होती, म्हणजे काय ते मी समजले.

नाही जमलं तर घरी येईन, आणि तेव्हा कुणाला विचारणार नाही.

तू माझं ऐकलं नाहीस याचं मला वाईट वाटलं होतं. आता नाही. पण एक कर. साक्षीला काय व्हायचंय, हे तिला कुणी विचारलं आहे का?

लोभ कमी झालेला नाही. तू उगीच घाबरतेस.

तुझी,
मैत्री


आदिलाबाद,
दि. २० जानेवारी २०२५

चि. मैत्रीस,
आशाआत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझा फोटो दादाने दाखवला. अंगात निळा कोट, डोक्यावर हेल्मेट आणि नाकाला काळं लागलेलं. वहिनींनी तो फोनच्या पडद्यावर लावून ठेवला आहे, असं दादा म्हणाला. मी स्वतः पाहिलं नाही. ऑक्टोबरपासून वहिनी माझ्याशी बोललेल्या नव्हत्या.

तू सांगितलंस तसं साक्षीला विचारलं. ती म्हणाली, तुमी म्हणाल ते, मॅडम. मी म्हटलं की हे उत्तर मी आता घेत नाही. पुन्हा गेले, तेव्हा ती नुसती हसली. मग मी तिच्याबरोबर कापूस वेचायला शेतात गेले. वेचता वेचता, माझ्याकडे न बघता म्हणाली की आजीला दवाखान्यात न्यायची तेव्हा काचेच्या खिडकीमागे एक बाई रक्त तपासायची. आजीला काय झालं ते डॉक्टरच्याही आधी त्या बाईला कळायचं. मला ती बाई व्हायचं आहे.

आणि मी तिला आयटीआयच्या फॉर्मबद्दल सांगत बसले होते! त्या कामाला काय शिकावं लागतं हे मला माहीत नव्हतं. तसं तिला सांगितलं, म्हटलं आपण शोधू. मग कळलं की आदिलाबादला दहावीनंतरच्या इंटरमध्येच तो कोर्स आहे.

मारोतीभाऊ मात्र ऐकेनात. मैत्रीचं काय झालं ते पाहिलं, पोरीला मोडून आणायची आहे का, असं म्हणाले. पाहुणे पक्के होत आले होते. ते खोटं नव्हतं. मी उठायला लागले आणि दारात वहिनी उभ्या.

त्या आत येऊन खाली बसल्या. सगळं सांगितलं. तुझी बोटं कशी दिसत होती, तू झोपेत कशी दचकायचीस, काहीही झाकलं नाही. साक्षीची आई रडायला लागली. मला वाटलं, संपलं. मग वहिनी म्हणाल्या, मारोतीभाऊ, एवढं होऊन माझी पोरगी परत गेली. मी पाठवली नाही, ती गेली. तुमी पोरीला आधी विचारा. जिथं पाठवता ते ठिकाण डोळ्यानं पाहून या. आणि ती परत येतो म्हटली तर दार उघडं ठेवा. हे तीनही जमत असन तं पाठवा, नाहीतर नका पाठवू. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मारोतीभाऊंनी पेटवायला काढलेली बिडी पुन्हा खिशात ठेवली. मग साक्षीकडे वळून म्हणाले, खरंच पाहिजे का तुले? ती 'हो' म्हणाली. मी तिचा असा आवाज वर्गात कधी ऐकला नव्हता. पाहुण्यांना त्यांनी अजून नकार कळवलेला नाही, कॉलेज बघितल्यावर कळवतो म्हणाले. म्हणून आज आम्ही सगळे आदिलाबादला निघालो. साक्षी, मारोतीभाऊ, मी आणि वहिनी. वहिनींना कुणी बोलावलं नव्हतं. त्या नवं लुगडं नेसून स्टॉपवर आमच्या आधीच येऊन उभ्या होत्या.

बस भरलेली होती. मारोतीभाऊंनी साक्षीला खिडकीशी बसवलं. माझ्या शेजारची एक जागा तेवढी रिकामी होती. वहिनी दांडा धरून उभ्या राहिल्या. मी पिशवी मांडीवर घेतली. जैनथच्या पुढे रस्ता खराब आहे, तिथे गाडी आदळली तेव्हा त्या माझ्या खांद्याला धरून सावरल्या. हात काढला नाही. मग म्हणाल्या, सरका थोडं, आशाबाई.

हे पत्र कॉलेजच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून लिहिते आहे. साक्षी आत गेली आहे, एकटीच. वहिनी माझ्या शेजारी शेंगा सोलत बसल्या आहेत, आणि अर्ध्या माझ्या हातावर ठेवत आहेत.

हात जप. कळव ते खरं कळव. आमची दोघींची माया या एकाच पाकिटातून पाठवते, ती सांभाळून घे.

तुझी,
आशाआत्या